हौशी क्यू-लेथ संच: लेथ घ्या, सोबतचे दांडे नकोत

पूल क्यू, म्हणजे पूलच्या खेळात चेंडू मारायची काठी, स्वतःच्या हाताने बनवायचा म्हटलं की शोध शेवटी एकाच प्रकारच्या संचापाशी येऊन थांबतो. टेबलावर मावणारं लांबुडकं लेथ (दांडा गोल फिरवत कापायचं यंत्र), दांड्याचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक, मध्ये आधार द्यायला स्टेडी रेस्ट, राउटर (वेगाने फिरणाऱ्या पात्याचं कापायचं यंत्र) बसवायचा कंस, शाफ्टला, म्हणजे क्यूच्या पुढच्या बारीक भागाला, उतार देणारी टेपर पट्टी, भोकात आटे पाडायचे दोन-तीन टॅप, शाफ्टच्या टोकाला बसणारी थोडी फेरूलं (टोप्या), त्यावर चिकटणाऱ्या चामड्याच्या टिपा आणि शाफ्टसाठी मेपलच्या लाकडाचे चार-सहा दांडे. नावं वेगळी असली तरी आतला माल पुष्कळसा सारखाच. त्यामुळे हे परीक्षण एका खोक्याचं नाही, या सगळ्या जातीचं आहे.

आधी निकाल सांगतो. लेथ घेण्यासारखं आहे. टेपर पट्टी एक दिवस खपून जुळवली की उत्तम काम देते. टॅप कामचलाऊ असतात. आणि शाफ्टचे दांडे मात्र पहिल्या दिवसापासून सरावाचे समजा, त्यातून खेळायचा क्यू काढायला जाऊ नका. हे शेवटचं नीट कळलं नाही तर माणूस सहा महिने लेथला दोष देत बसतो आणि चूक लाकडात असते.

लेथपासून सुरुवात करू. साधं छोटं मेटल लेथ न घेता क्यूचं वेगळं लेथ का घ्यायचं, याचं उत्तर हेडस्टॉकच्या, म्हणजे दांडा फिरवणाऱ्या डोक्याच्या, भोकात आहे. छोट्या मेटल लेथच्या स्पिंडलचं भोक बहुधा २० मिमीच्या आसपास असतं. क्यूचे दोन भाग जुळतात तो जॉइंट साधारण २१.५ मिमी जाड आणि बटचं, म्हणजे मागच्या जाड भागाचं, मागचं टोक ३१-३२ मिमी. म्हणजे शाफ्टचं बारीक टोक मागून घालून टिप बदलता येईल, पण जॉइंटचं टोक चकमध्ये (दांडा पकडणाऱ्या जबड्यांत) धरायचं ठरवलं की गाडं अडलं, आणि बट तर आत शिरणारच नाही. क्यूच्या लेथचं भोक ३४ मिमीच्या जवळपास असावं लागतं. खरेदीपूर्वी हा एक आकडा विचारून घ्या, बाकी गोष्टी नंतर.

भोक मोठं असलं की दांडा हेडस्टॉकच्या मागे दोन फूट बाहेर राहतो. त्याला मागे आधार नसेल तर फिरताना तो फटके मारतो, टोकाला गरगरतो आणि वेग वाढवला तर मोडून उडतोही. काही संचांत मागच्या बाजूलाही दुसरा चक असतो, ते सर्वांत चांगलं. नसेल तर प्लास्टिकची बुश बसवलेला साधा लाकडी आधार उभा करा, पण आधाराशिवाय लेथ चालू करू नका.

आता अचूकपणा. तीन जॉचा (जबड्यांचा) चक ०.०८ मिमीपर्यंत सहज चुकतो. मेटलच्या साध्या कामात हे चालून जातं, क्यूच्या जॉइंटमध्ये नाही. जॉइंटपाशी झालेली चूक २९ इंच पुढे टिपेपाशी कितीतरी पट होऊन दिसते. उपाय सोपा आहे: डेलरिन या कडक प्लास्टिकची कडी घ्या, ती चकमध्ये धरूनच आतून बोअर करा, म्हणजे भोक कापून मोठं करा, मग एका बाजूने चीर पाडा. कडीवर आणि पहिल्या जॉवर मार्करने खूण करा आणि कडी दर वेळी त्याच खुणेवर बसवा. अशा कडीत धरलेला शाफ्ट डायल गेजवर (बारीक हलणं मोजणाऱ्या काट्याच्या घड्याळावर) ०.०२ मिमीच्या आत फिरतो, शिवाय जॉचे वळ लाकडावर उठत नाहीत. गेजचा काटा दोन जागी लावून बघा, चकच्या तोंडाशी आणि सहा इंच पुढे. तोंडाशी बरोबर आणि पुढे चूक असेल तर दांडा तिरका धरला गेला आहे.

टेलस्टॉक रेषेत आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. दहा इंचाचा सरळ दांडा दोन सेंटरमध्ये (दोन्ही टोकांच्या टोकदार आधारांत) धरून एका सेटिंगवर पूर्ण लांबी हलकी कापा आणि दोन्ही टोकं मोजा. ०.१ मिमी फरक आला तर टेलस्टॉक ०.०५ मिमी बाजूला आहे. बहुतेक संच खोक्यातून निघतात ते थोडे तरी हुकलेले असतात, पण बाजूचे स्क्रू सैल करून सरकवता येतात. उंचीत चूक असेल तर पातळ पत्र्याची शिम घालावी लागते आणि ते किचकट काम आहे. मोटर डीसी आहे आणि वेग गोल बटणाने कमीजास्त होतो, ही सोय मोठी. फक्त कमी वेगात तिचा जोर पडतो, त्यामुळे आटे पाडताना मोटर बंद ठेवून चक हाताने फिरवा. तसंही आटे हातानेच चांगले पडतात.

या संचातला सर्वांत मोलाचा भाग टेपर पट्टी आणि राउटरचा कंस. शाफ्ट सेंटरमध्ये सावकाश फिरतो, राउटर मिनिटाला वीस हजारांच्या वर फेरे घेतो आणि पट्टीवरून सरकणारी चाकी राउटरला आतबाहेर नेते. पट्टीला ठरावीक अंतरावर स्क्रू असतात, ते पुढेमागे करून उताराचा आकार ठरतो. पूलच्या प्रचलित शाफ्टला टिपेशी १३ मिमीच्या आसपास जाडी असते, तीच जाडी दहा-बारा इंच जवळजवळ तशीच ठेवतात आणि मग जॉइंटच्या २१.५ मिमीपर्यंत चढत नेतात. ब्रिज करताना, म्हणजे टेबलावर हात टेकवून क्यूला आधार देताना, बोटांच्या कडीतून हाच सरळ भाग मागेपुढे जातो. उलट टिपेपासून जॉइंटपर्यंत एकसारखा चढता, शंकूसारखा उतारही करतात. तो जास्त कडक लागतो, पण पुढे ढकलताना कडीत जाड होत जातो. पट्टीसोबत आलेली मूळ मांडणी बहुतेक वेळा या दोन्हींच्या अधलीमधली निघते. आवडता एखादा शाफ्ट दर इंचाला व्हर्नियरने मोजून कागदावर उतरवा आणि पट्टीचे स्क्रू त्यावर जुळवा. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

पहिला शाफ्ट कापला की एक दोष हटकून दिसतो: टोकांची मापं बरोबर आणि मधला भाग ०.२-०.३ मिमी जाड. पट्टी चुकली असं वाटून माणूस मधले स्क्रू आत घेतो आणि पुढचा शाफ्ट वेगळाच चुकतो. खरं कारण असं, की बारीक लांब दांडा मध्यावर कटरपासून दूर वाकतो, त्यामुळे तिथे कमी कापलं जातं. त्यात टेलस्टॉक घट्ट आवळला असेल तर दांडा धनुष्यासारखा ताणला जातो आणि थरथरून अंगावर तिरके पट्टे उमटतात. सेंटर इतकंच दाबा की दांडा डुगडुगत नाही पण बोटांनी वळवला तर वळतो. स्टेडी रेस्ट मध्यापाशी लावा. शेवटचा काप व्यासात पाव मिमीहून जास्त नको. कंस सरकवण्याची घाई नको. २९ इंच पार करायला तीन-चार मिनिटं लागली तरी चालतील. पृष्ठभागावर स्क्रूच्या आट्यांसारखी नक्षी दिसली तर सरकवणं जलद झालंय, काळपट डाग दिसले तर कटर बोथट झालाय, आणि लव उठल्यासारखं दिसलं तर लाकूड ओलं आहे.

इथून गाडी लाकडावर येते, आणि संच सर्वांत कमी पडतो तो इथेच. शाफ्टसाठी हार्ड मेपल लागतं, हे खोक्यावर लिहिलेलं असतं. काय लिहिलेलं नसतं, ते असं: लाकडाच्या तंतूंच्या रेषा पूर्ण २९ इंच सरळ गेल्या पाहिजेत, ओलावा ६ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान पाहिजे आणि दांडा कापण्यांच्या मधे विसावला पाहिजे. संचातल्या दांड्यांच्या रेषा अनेकदा सात-आठ इंचांतच कडेबाहेर पडतात. तपासायला फाउंटन पेनच्या शाईचा एक थेंब गुळगुळीत केलेल्या दांड्यावर सोडा. शाई रेषेच्या वाटेने पसरते. तिचं टोक दांड्याच्या कडेला समांतर राहिलं तर लाकूड चांगलं, बाजूला वळलं तर तो दांडा पुढे वाकणार. वाढीची वलयं दाट असावीत हे खरं, पण दाट वलयं आणि तिरक्या रेषा यांपेक्षा विरळ वलयं आणि सरळ रेषा केव्हाही बऱ्या.

विसावा का, तेही सांगायला हवं, कारण नवशिका नेमकं हेच गाळतो. लाकडात ताण साठलेला असतो. वरचा थर काढला की आतला ताण मोकळा होतो आणि दांडा किंचित वाकतो. अजून जाडी शिल्लक असेल तर पुढच्या कापणीत दोन सेंटरमधली सरळ रेषा पुन्हा मिळते, वाकलेला भाग कापला जातो. शेवटच्या मापावर आल्यानंतर वाकला तर कापायला काही उरलेलंच नसतं. म्हणून टप्पे पाडायचे: एक इंचाचा गोल दांडा, मग अंतिम मापापेक्षा ४ मिमी जाड उतार, मग २.५, मग १.५, मग ०.७५, आणि शेवटी माप. सुरुवातीच्या टप्प्यांत तीन-चार आठवडे पुरतात, शेवटच्या दोनांत महिना-दोन महिने द्या. दर टप्प्यानंतर दांडा एका टोकाला आकडी लावून उभा लटकवा, भिंतीला टेकवून ठेवू नका. लटकवलेल्या दहांतले तीन-चार बाद झाले तरी हळहळू नका. वाफ देऊन किंवा गुडघ्यावर दाबून सरळ केलेला शाफ्ट हवा बदलली की पूर्वीच्या वळणावर जातो. तयार शाफ्टचं वजन ११० ग्रॅमच्या आसपास भरलं तर लाकूड चांगलं घट्ट आहे. ९० च्या खाली गेलं तर तो सरावाच्या ढिगात टाका.

जॉइंटकडे वळू. संचात बहुधा ३/८-१० किंवा ५/१६-१८ मापाच्या (पहिला आकडा इंचातली जाडी, दुसरा दर इंचातले आटे) पिना, म्हणजे दोन भाग जोडणारे स्क्रू, आणि त्यांचे टॅप असतात. निवड असेल तर ३/८-१० घ्या. तिचे आटे जाड, दोन आट्यांमध्ये लाकूड भरपूर राहतं, त्यामुळे शाफ्टच्या लाकडातच आटे पाडून काम भागतं. ५/१६-१८ चे आटे बारीक. लाकडात ते चुरतात, म्हणून शाफ्टमध्ये पितळेचं इन्सर्ट (आतून आटे असलेली नळी) बसवावं लागतं आणि ते नेमकं मध्यावर बसवणं हे आणखी एक काम वाढतं.

संचातलं ड्रिल सरळ घुसवून टॅप फिरवायचा, अशी कृती सोबतच्या कागदावर असते. ती अपुरी आहे. ड्रिल लाकडाच्या मऊ-कडक थरांप्रमाणे वाट वाकडी करतं. तोंडाशी भोक मध्यावर आणि आत दीड इंचावर अर्धा मिमी बाजूला, असं होतं. जोडल्यावर एका बाजूला कागद जाईल एवढी फट राहते किंवा सगळा क्यू लोळवताना टिप गोल फिरते. बरोबर पद्धत अशी: लहान ड्रिलने आधी भोक पाडा, मग छोट्या बोअरिंग बारने (भोक आतून कापून मोठं करणाऱ्या हत्याराने) ते मापाला आणा. बोअरिंग बार लाकडाच्या रेषांमागे जात नाही, लेथच्या मध्यरेषेवरच कापतो. माप घेताना पिनेच्या आट्यांच्या तळाचा व्यास मोजा आणि भोक त्याहून ०.०५ ते ०.१ मिमी मोठं ठेवा. खोली पिनेच्या बाहेर आलेल्या लांबीपेक्षा ५-६ मिमी जास्त. टॅपच्या मागच्या खळग्यात टेलस्टॉकचं सेंटर टेकवून टॅप सरळ ठेवा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. आटे पडले की पातळ सुपर ग्लूचे चार-पाच थेंब आत फिरवा, रात्रभर वाळू द्या आणि त्याच टॅपने पुन्हा साफ करा. लाकडाचे तंतू कडक होतात आणि वर्षानुवर्षं पिन घट्ट बसते. संचातला टॅप इथे कामचलाऊ ठरतो: त्याची धार स्टीलसाठी घातलेली असते, लाकूड कापण्याऐवजी दाबते. बारीक दगडाने धारेची पुढची बाजू घासली की बराच सुधारतो.

जॉइंटचं तोंड सपाट कापताना मध्याकडे दोन-तीन शतांश मिमी खोलगट जाऊ द्या. दोन्ही तोंडं मग फक्त बाहेरच्या कडेवर भेटतात आणि सांधा डोळ्यांना दिसेनासा होतो. बटमध्ये पिन बसवताना इपॉक्सी लावून ती फिरवत आत न्या आणि इपॉक्सी आवळेपर्यंत पिनेच्या टोकाला टेलस्टॉकचं सेंटर टेकवून ठेवा. सोबत येणारं पाच मिनिटांचं इपॉक्सी इथे वापरू नका. सावकाश वाळणारं, चोवीस तासांचं घ्या.

बट मधोमध जोडून बनवायचा असेल तर मुठीपुढचा सांधा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. एवढंच लक्षात ठेवा, की फटका मारल्यावर येणारी झिणझिण जवळजवळ नेहमी या सांध्यातल्या पोकळीतून किंवा सैल स्क्रूतून येते. इपॉक्सी घालताना हवा बाहेर पडायला कुसाला बारीक खाच ठेवा, नाहीतर अडकलेली हवा गोंद मागे ढकलते. कोकोबोलोसारखं तेलकट लाकूड असेल तर जोडण्याआधी ॲसिटोनने पुसा. त्याची धूळ पुष्कळांना त्वचेवर आणि छातीत त्रास देते, तेव्हा मास्कशिवाय कापू नका.

फेरूलं संचात मिळतात ती बहुतेक साध्या एबीएस प्लास्टिकची. शिकायला ठीक. खेळायच्या क्यूला लिननचे थर मेलामाइनमध्ये घट्ट केलेलं मटेरियल घ्या, ते फुटत नाही आणि कापताना वितळत नाही. टेनन, म्हणजे फेरूलच्या आत जाणारं लाकडाचं कुसू, ७.९ मिमीचं करा आणि फेरूलच्या भोकाशी गोंदापुरती ०.०५ मिमी मोकळीक ठेवा. घट्ट ठोकून बसवलेलं फेरूल आज शोभतं आणि थंडीत चिरतं. टेनन जिथे सुरू होतं तो आतला कोपरा अगदी काटकोनात ठेवू नका, कटरच्या टोकाला किंचित गोलाई असू द्या. तुटलेली बहुतेक टेननं नेमकी त्या काटकोनातच तुटलेली असतात.

सोबतच्या टिपा मऊ असतात, चार-सहा तासांच्या खेळात कडेने छत्रीसारख्या पसरतात. डुकराच्या कातड्याच्या थरांची मध्यम कडक टिप आणा. तिची मागची बाजू सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासा, फेरूलचं तोंड लेथवर सपाट कापा, जाडसर जेल सुपर ग्लूचा मटारएवढा थेंब लावा आणि टेलस्टॉकने एक मिनिट दाबून धरा. कड कापताना धार फेरूलला लागू देऊ नका. दर टिपेला फेरूल थोडं थोडं बारीक होतं आणि १३ चा शाफ्ट वर्षभरात १२.७ चा होतो. स्पर्धेसाठी बनवत असाल तर वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या मर्यादा पाठ असू द्या: टिप १४ मिमीहून मोठी नको, वजन २५ औंसांहून जास्त नको, लांबी ४० इंचांहून कमी नको. व्यवहारात क्यू ५८ इंचांचा आणि १८ ते २१ औंसांचा असतो.

वरच्या चकाकीसाठी दोन भागांचं ऑटो क्लिअर कोट वापरायचा सल्ला सगळीकडे मिळतो. चकाकी देखणी येते, पण त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे आणि कागदी मास्क त्याला अडवत नाही. योग्य श्वसनसाधन आणि फवारणीची जागा नसेल तर बटला ब्रशने लागणारं फिनिश द्या. शाफ्टला सीलर, ४०० आणि ६०० चा पेपर, थोडं मेण आणि चामड्याच्या तुकड्याने घासणं एवढं पुरे.

संच आल्यावर पहिलं काम म्हणून नवा क्यू हातात घेऊ नका. क्लबमधला एकसंध जुना क्यू घ्या आणि त्याचे दोन भाग करून मध्ये जॉइंट घाला. याला स्नीकी पीट म्हणतात: दिसायला साधा क्लबचा क्यू, प्रत्यक्षात दोन तुकड्यांचा. त्याचं लाकूड आधीच वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, उतार तयार असतो, त्यामुळे सगळं लक्ष सपाट तोंड, मध्यावरचं भोक, पिन, फेरूल आणि टिप यांवर देता येतं. टेबलावर लोळवून सरळ आहे तोच निवडा, टिपेपासून २९ इंचांवर कापा, करवतीत आणि तोंडं सपाट करण्यात पाच-सहा मिमी जातात ते धरून चाला. हा काही कमी दर्जाचा मार्ग नाही. जॉर्ज बालाबुश्का, ज्यांच्या क्यूंना आज संग्राहक डोक्यावर घेतात, त्यांनीही सुरुवातीला ब्रन्सविकच्या टायटलिस्ट क्यूंचे तयार बट घेऊन त्यातून दोन तुकड्यांचे क्यू घडवले.

ऑर्डर देताना वेगळ्या घ्यायच्या वस्तू: डायल गेज आणि चुंबकी स्टँड, डिजिटल व्हर्नियर, बेअरिंगवर फिरणारं सेंटर (संचातलं बहुधा न फिरणारं असतं आणि लाकूड जाळतं), ८ मिमीच्या भोकात जाणारा बोअरिंग बार, लाकडाचा ओलावा मोजणारं यंत्र. आणि विक्रेत्याकडे एक चौकशी नक्की करा: पट्टा, चकचे जॉ आणि टेपर पट्टीची चाकी सुटी मिळतात का. चाकी सर्वांत आधी झिजते, आणि तिच्यात सपाट डाग पडला की प्रत्येक शाफ्टवर ठरावीक अंतराने तोच खड्डा उमटत राहतो.